इवाई यायच्या आत

केवळराम धकाते यांच्या स्वयंपाकघरातल्या तोटीनं सोमवारी सकाळी मान टाकली. एकदम नाही टाकली. आधी धार बोटाएवढी झाली, मग सुतळीएवढी, मग शिवायच्या दोऱ्याएवढी, आणि शोभाताईंनी तांदूळ धुवायला गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, खाली धरला तेव्हा नुसते थेंब उरले. एक थेंब पडायचा आणि दुसरा, यावं की न यावं, याचा विचार करत तोटीच्या टोकाला लटकून राहायचा. शोभाताई पाच मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी बाहेरच्या खोलीकडे तोंड करून फक्त "अवो" म्हटलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात केवळरामांना या "अवो"चे सगळे प्रकार ओळखू यायला लागले होते. हा प्रकार पेपरची घडी न करता तो तसाच टाकून उठण्याचा होता.

आता तोटी काय, कोणाच्याही घरची बिघडते. तेवढ्यावर गोष्ट सांगत बसायला मी काही रिकामटेकडा नाही. पण येत्या रविवारी केवळरामांच्या नातवाचं बारसं होतं. लेक कीर्ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सव्वा महिना उलटला होता, आणि बारशाला चिखल्याहून तिचे सासू-सासरे येणार होते. सासरे मधुकरराव, म्हणजे केवळरामांचे इवाई. आमच्या भंडाऱ्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि त्याच्यासमोर माणूस जेवढा ताठ बसतो तेवढा साहेबासमोरही बसत नाही.

मधुकरराव चिखल्याच्या खाणीत पंपांवर होते. जमिनीच्या पोटात पाणी साचतं, ते उपसून वर काढायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. कीर्तीच्या लग्नात पाचशे माणसांची पंगत बसायची होती आणि ऐन वेळेला मांडवातला पाण्याचा पंप बंद पडला. केवळराम इकडून तिकडे धावले, दिसेल त्याला हाका मारल्या. तेवढ्यात मधुकररावांनी, खुद्द नवऱ्या मुलाच्या बापानं, डोक्यावरचा फेटा काढून केवळरामांच्या हातात दिला, रेशमी सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि पाना मागितला. दहा मिनिटांत पंप सुरू. ती दहा मिनिटं मुलीचा बाप इवाईचा फेटा धरून उभा होता. भाजीत मीठ कमी पडलं तर सोयरे विसरतात. वरबापाला मांडवात पाना धरायला लावला हे कोणी विसरत नाही. निघताना मधुकरराव म्हणाले होते, "राहू द्या जी इवाई. बाबू लोकाईचं काम पेनाचं. पाना आपला." ते अगदी प्रेमानं म्हणाले, म्हणूनच जास्त झोंबलं. केवळरामांनी त्याच दिवशी मनाशी गाठ मारली की पुन्हा इवाई आपल्या दारात येतील ते पाहुणे म्हणून येतील, खुर्चीवर बसतील, पान खातील, आणि आपल्या घरचा पाना त्यांच्या हाताला लागणार नाही.

तेव्हा रविवारच्या आत तोटी सुरू व्हायला हवी होती, आणि ती कधी बंद पडली होती याचा इवाईंना वासही लागायला नको होता.

केवळराम एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सेक्शनला बाबू होते. जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळा झाला तेव्हा कोणती फाइल इकडे राहणार आणि कोणती तिकडे जाणार, याच्या याद्या त्यांनीच केल्या होत्या. तेव्हापासून त्यांचा पक्का समज झाला होता की जी गोष्ट फाइलवर आहे ती आहे, आणि जी नाही ती नाही. म्हणून त्यांनी पाना शोधला नाही. त्यांनी एक जुना फोल्डर काढला, त्यावर ठळक अक्षरात लिहिलं, 'विषय : स्वयंपाकगृहातील तोटीचा प्रवाह खंडित झाल्याबाबत', आणि आत निरीक्षणं नोंदवली. न्हाणीघरात धार आहे. अंगणात धार आहे. म्हणजे गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे. स्वयंपाकघराची लाइन टाकीतून वेगळी उतरते आणि फक्त तिलाच धार नाही. यातलं अक्षरही चूक नव्हतं. शोभाताईंनी सगळं वाचून काढलं आणि विचारलं, "मंग भात कायच्यात शिजवू? ह्या कागदात?"

कीर्ती बाळाला मांडीवर थोपटत म्हणाली, "बाबा, तोटीच्या तोंडाले जाळी असते. ते काढून पाहा ना. कचरा अडकला असंल." केवळरामांनी जाळी काढली. वाळूचे दोन खडे निघाले. ते त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून फोल्डरला टाचले. थेंब होते तसेच पडत राहिले.

संध्याकाळी भिंतीपलीकडचे भैय्यालाल आले. भांड्यांच्या लाइनीत त्यांचं पितळेचं दुकान, आणि जगात जे काही बिघडतं ते पितळेचं नाही म्हणून बिघडतं, असं त्यांचं मत. कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन फसलं तरी ते आधी आत कोणता धातू घातला ते विचारतील. त्यांनी तोटीवर नखानं टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला, आणि डॉक्टरसारखा चेहरा पाडला.

"हे पितळ नाही जी केवळरामभाऊ. जस्त हाये. वरून नुसता मुलामा. आतून सडून गेली असंल."

"पण काल संध्याकाळपर्यंत चांगली चालत होती ना."

"सडणं असंच असते," भैय्यालाल म्हणाले. "माणूसही तसाच जाते. काल संध्याकाळपर्यंत चांगला असते."

दुकानाच्या माळ्यावरून भैय्यालाल एक जुनी पितळी तोटी घेऊन आले. ती तोटी म्हणजे एखाद्या धर्मशाळेच्या हौदाला लावायची चीज. एका हातात धरवत नव्हती. ती बसवता बसवता केवळरामांच्या अंगठ्याचं नख निळं पडलं, सिमेंटचा एक पोपडा निघाला आणि ओट्यावरची मिठाची बरणी फुटली. सगळं झाल्यावर त्या भारदस्त तोटीतून एक थेंब पडला. आधीचा थेंब निदान लहान तोटीतून पडत होता, तेव्हा त्याची एवढी लाज वाटत नव्हती.

मंगळवारी समोरच्या उषाबाईंनी रस्त्यातूनच निदान केलं. उषाबाई शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाल्या होत्या आणि गल्लीला अजून आठवीचा वर्ग समजत होत्या. "पाइपात हवा कोंडली आहे, केवळराम. घरातल्या सगळ्या तोट्या एकदम पूर्ण सोडा. हवा निघून जाईल." केवळरामांनी सगळ्या तोट्या सोडल्या आणि हवा निघायची वाट पाहत उभे राहिले. हवा निघाली की नाही ते कळलं नाही. टाकीतलं पाणी मात्र झाडून सगळं निघून गेलं. नळाला पाणी आता थेट संध्याकाळी यायचं. घरात सव्वा महिन्याचं पोर, त्याची दुपटी, बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी. केवळरामांनी त्या दिवशी कॉलनीच्या बोअरवेलवरून अकरा बादल्या आणल्या आणि प्रत्येक खेपेला उषाबाईंनी अंगणातून विचारलं, "निघाली का हवा?"

बुधवारी ते पाण्याच्या ऑफिसात गेले. स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे आपल्याला आत बसवतील, निदान चहा विचारतील, अशी त्यांची कल्पना होती. खिडकीत अंकुश नावाचा नवीन लागलेला बाबू होता. त्यानं छापील फॉर्म पुढे सरकवला. फॉर्मवर तक्रारीचे तीन प्रकार होते : पाणी येत नाही, पाणी गढूळ येते, पाइप फुटला.

"न्हाणीत पाणी येते," केवळराम म्हणाले. "स्वयंपाकघरात येत नाही."

"घरात येते ना पण?"

"घरात येते, पण तोटीले येत नाही."

"मंग पाणी येत नाही असं कसं लिहिता जी तुम्ही? येते तं." अंकुशनं फॉर्म परत ओढला. "आमची हद्द तुमच्या मीटरपर्यंत. तरी तुम्ही म्हणता तं घरातल्या लाइनीचा मंजूर नकाशा जोडा. साहेबाईले दाखवतो."

केवळरामांना राग यायला हवा होता, पण अडचण अशी की तो पोरगा बरोबर होता. बावीस वर्षं याच शब्दांत, याच आवाजात त्यांनी स्वतः माणसं परत पाठवली होती. खिडकीच्या या बाजूनं ते कसं दिसतं हे मात्र त्यांना आजच कळत होतं. नकाशासाठी ते आपल्या कचेरीत गेले. त्यांच्या कॉलनीचे नकाशे वाटणीत गोंदियाला गेले होते. चुकून गेले होते, हे उघड होतं. यादी काढून पाहिली तर खाली सही त्यांचीच होती, आणि शेजारी त्यांच्याच अक्षरात शेरा होता, 'तपासून बरोबर'. यादी मिटून त्यांनी कपाटात अगदी मागे ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा प्लंबर का नाही बोलावला? बोलावला होता ना. पहिल्या दिवसापासून निरोप चालू होते. पण आमच्याकडे रोवण्याच्या दिवसांत शहरात प्लंबर मिळत नाही, गवंडी मिळत नाही, पंक्चर काढणारा मिळत नाही. सगळे धान रोवायला आपापल्या गावी. कॉलनीचा तेजराम प्लंबर वरठीच्या पलीकडच्या खेड्यात आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरला होता. गुरुवारी केवळरामांनी किरकोळ रजा टाकली, इस्त्रीची पॅन्ट घातली आणि एसटीनं त्याच्या गावी गेले.

तेजराम गुडघाभर चिखलात वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावत होता. बाजूला दहा-बारा बाया ओळीत रोवत होत्या. केवळराम निसरड्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून तिथूनच तोटीचा सगळा वृत्तांत सांगू लागले. तेजरामनं मान वर केली नाही.

"मी चार दिवस येत नाही बाबूजी. पाणी बांधीत हाये, बाया बांधीत हायेत, परे उपटून ठेवले हायेत. तोटी काय पळून जाऊन राहिली का?"

"रविवारी इवाई येऊन राहिले रे."

हे ऐकून मात्र तेजराम उभा राहिला. इवाईचा मामला म्हटल्यावर चिखलातला माणूसही उभा राहतो. त्यानं चार प्रश्न विचारले, थोडा विचार केला आणि म्हणाला, "तोटी काढा. नळीचा तुकडा लावून खालून उलटं फुंका, जोर लावून. कचरा असंल तं मागं सरकंल." मग त्यानं धुऱ्यावर पडलेल्या पऱ्यांच्या पेंड्यांकडे बोट दाखवलं. "आता आलेच हा तं थोड्या पेंड्या फेका ना इकडं बायाईकडं. माणूस कमी हाये."

रोवणा चालू असताना धुऱ्यावर हात हलवत उभं राहायचं नसतं. केवळरामांनी तासभर पेंड्या फेकल्या. पहिल्या पाच-सहा भलतीकडेच पडल्या, आणि रोवायला वाकलेल्या बाया हसून हसून उभ्याच राहिल्या. शकुनबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, "बाबूजी, पेंडी मांघं फेका, आमच्या टकुऱ्यावर नोका फेकू." शेवटी त्यांचा पाय घसरला, उजवी चप्पल चिखलानं गिळली ती दिलीच नाही. एका पायात चप्पल, पॅन्टला मांडीपर्यंत चिखल, अशा अवस्थेत ते भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरले आणि ऑटोवाल्यानं आधी सीटवर पोतं अंथरलं, मग त्यांना बसवलं. वाटेत त्यांना ऑफिसातले तिघं जण दिसले. त्या तिघांनी त्यांना पाहिलं नाही असं दाखवलं, आणि त्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पितळी तोटी काढली, नळीचा तुकडा लावला आणि गाल फुगवून फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे आले. तिसऱ्या फुंकरीला पाइपात कुठेतरी गुडगुड झालं, काहीतरी सुटलं, आणि दुसऱ्या क्षणी बोटभर जाडीची धार केवळरामांच्या थेट तोंडात. तोटी काढलेली, बंद करायला काही नाही. पाच दिवसांचं राहिलेलं पाणी एकदमच आलं म्हणायचं. ओटा, गॅस, कणकेचा डबा, सगळं न्हालं. केवळराम पाइपाला अंगठा लावून उभे राहिले आणि शोभाताई वर जाऊन टाकीचा कॉक बंद करून आल्या. पण ते भिजलेले केवळराम हसत होते. तोटी बसवली. धार अशी पडायला लागली की गंज भरायला दोन मिनिटं लागली नाहीत. फोल्डरवर त्यांनी लाल शाईनं 'निकाली' असं लिहिलं.

अर्ध्या तासानं धार सुतळीएवढी झाली. मग दोऱ्याएवढी. मग थेंब.

दिवसभरात त्यांनी पाच वेळा तोटी काढली, पाच वेळा फुंकलं, पाच वेळा भिजले. प्रत्येक वेळेला अर्धा तास धार, मग थेंब. संध्याकाळी शोभाताई पदर खोचून समोर उभ्या राहिल्या.

"परवा चाळीस पानं उठायची हायेत. तेवढ्या वेळ तुम्ही इथं बसून फुंकणार का? पाहुण्याईले काय सांगू, आमचे हे तोटीले वारा घालून राहिले?"

"मंग मी काय करू? सगळं करून पाहिलं."

"सगळं कुठं पाहिलं? फुंकलं का ते सरकते. पाणी सुरू झालं का परत येऊन बसते. म्हणजे पाइपात नाही, वर टाकीत हाये काहीतरी. पाच दिवस कागदं भरून राहिले, एकदा तरी टाकीत डोकावले का?"

केवळरामांना बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. एवढ्या मोठ्या फाइलीत टाकीच्या आत पाहिल्याची एक नोंद नव्हती. त्यावर कीर्ती बाळाला खेळवता खेळवता म्हणाली, "बाबूजींना फोन करू का? ते उद्या येऊन पाहून देतील." बाबूजी म्हणजे मधुकरराव. "खबरदार फोन केला तर," केवळराम म्हणाले, आणि लेकीवर आवाज चढवल्याचं त्यांना लगेच वाईट वाटलं. थोड्या वेळानं ते तिला म्हणाले, "अगं, लग्नात एकदा नाक कापून झालं ना माझं. नातवाच्या बारशाले तरी नको." कीर्तीनं बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं.

शनिवारी दुपारी न्हाणीच्या आणि अंगणाच्या तोट्या सोडून त्यांनी टाकी जवळजवळ रिकामी केली. मग एका हातात बॅटरी घेऊन गच्चीवर चढले. काळी प्लास्टिकची टाकी, वर गोल झाकण. वरून वाकून पाहिलं तर तळाशी वीतभर पाणी आणि अंधार. हात पोचेना. मग केवळराम टाकीवर चढले, झाकणाच्या तोंडातून आधी पाय सोडले, मग खुर्चीवर बसून वाढलेलं पोट श्वास ओढून आत घेतलं आणि सरकन खाली उतरले. उतरले म्हणजे पडलेच. पण आत होते.

स्वयंपाकघराच्या पाइपाचं तोंड तळाशी, कोपऱ्यात. तिथं बॅटरीचा उजेड पाडला. तोंडावर लाल कापडाची एक छोटी पुडी घट्ट बसली होती, लिंबाएवढी. केवळरामांनी ती ओढून काढली आणि हातात घेतल्या घेतल्या ओळखली.

झालं होतं असं. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानं विहीर पूजते. कीर्तीच्या सासूबाई निर्मलाबाई या बाबतीत फार कडक. त्यांनी सुपारी, हळकुंड आणि तांदूळ लाल कापडात बांधून पुडी खास चिखल्याहून पाठवली होती, आणि निरोप होता की घरी कलशाची पूजा करून पुडी बाळाच्या आजोबानं स्वतः विहिरीत सोडायची, आणि ती वर्षभर पाण्यात राहिली पाहिजे. गेल्या रविवारी संध्याकाळी केवळराम पुडी घेऊन निघाले. गल्लीतल्या विहिरीवर स्लॅब टाकलेला. देवळाच्या विहिरीवर लोखंडी जाळी. तिसरी विहीर नदीच्या रस्त्यावर, आणि पाऊस लागला होता. तेव्हा त्यांनी एका खांबाखाली उभं राहून प्रकरणाचा विचार केला. विहीर कशासाठी पुजायची? तर घरात पाणी तिथून येतं म्हणून. आता घरात पाणी कुठून येतं? टाकीतून. म्हणजे विहिरीचा चार्ज टाकीकडे गेला आहे. हे तर्कशास्त्र त्यांना इतकं आवडलं की ते परत आले, कोणी पाहत नाही असं पाहून गच्चीवर चढले, पुडी टाकीत सोडली, हात जोडले आणि खाली येऊन सांगितलं, "सोडली." विषय संपला. आणि केवळरामांच्या डोक्याची शिस्त अशी की निकाली निघालेलं प्रकरण पुन्हा आठवायचंच नाही. आठवडाभर त्यांनी जगाला दोष दिला, पितळेला दिला, हवेला दिला, गोंदियाला दिला, आणि तोटी त्यांच्याच हातानं बंद झाली होती.

हे सगळं कळून ते मटकन पाण्यात बसले. मग उठले, आणि त्यांच्या लक्षात आलं की बाहेर निघता येत नाही. भिंती गुळगुळीत, पाय ठेवायला काही नाही, हातांवर अंग उचलायची सवय शाळा सुटल्यापासून गेलेली. दोनदा उडी मारली, दोनदा बसकण मारली. तेवढ्यात खाली जीप थांबल्याचा आवाज आला. मग शोभाताईंचा, अगदी गोड झालेला आवाज, "या, या. उद्या येणार होते ना तुम्ही?" आणि निर्मलाबाईंचं उत्तर, "खाणीची जीप इकडं येतच होती, म्हटलं एक दिवस आधी जाऊ." आणि मग ज्याची भीती होती ते. मधुकररावांनी विचारलं, "इवाई कुठं हायेत?" आणि बाळाच्या रडण्याच्या गडबडीत कोणीतरी सांगून टाकलं, "गच्चीवर."

जिन्यावर पावलं वाजली. झाकणाच्या गोलात आधी आभाळ होतं, मग तिथं मधुकररावांचं तोंड आलं.

"नमस्कार इवाई," मधुकरराव म्हणाले.

"नमस्कार. या ना," केवळराम टाकीतून म्हणाले. "बसा." बसायला तिथं काही नव्हतं हे त्यांना म्हटल्यावर सुचलं.

"काय करून राहिले आत?"

"काही नाही. टाकी साफ करून राहिलो."

"अन् हातात काय हाये?"

केवळरामांनी हात पाठीमागे नेला. पण तीस वर्षं खाणीच्या अंधारात काढलेल्या माणसापासून टाकीच्या अंधारात काय लपणार? मधुकररावांनी हात पुढे केला. केवळरामांनी निमूटपणे पुडी दिली. मधुकररावांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. ते कापड निर्मलाबाईंच्या जुन्या लुगड्याचं होतं.

केवळरामांनी मग सगळं सांगितलं. विहीर, स्लॅब, जाळी, पाऊस, चार्ज, तोटी, पितळ, चिखलात गेलेली चप्पल, सगळं. शेवटी म्हणाले, "चुकलं माझं. आता तुम्हीच काढा मला बाहेर अन् तोटीही तुम्हीच पाहा. पाना खाली खिडकीत हाये. माझं काही खरं नाही इवाई."

मधुकररावांनी जिन्याकडे वळून कोणी येत नाही ना ते पाहिलं आणि तोंड झाकणाच्या आत घालून हळूच म्हणाले, "भूपेंद्र झाला तवा मलेही अशीच पुडी दिली होती, आमच्या आईनं. विहीर लांब होती अन् माझी ड्यूटी होती. मी ते कॉलनीच्या पाण्याच्या टाकीत टाकली."

भूपेंद्र म्हणजे कीर्तीचा नवरा.

"मंग?" केवळरामांनी विचारलं.

"मंग काय. दोन दिवस आख्ख्या कॉलनीले पाणी नाही. पंप मीच उघडला, पुडी मीच काढली, अन् सगळ्याईले सांगितलं का वॉल्व्ह खराब झाला होता. तवापासून माझं नाव झालं का मधुकर कोणताही पंप दुरुस्त करते. निर्मलाले अजूनही माहीत नाही."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले, एक टाकीच्या आतून आणि एक बाहेरून. लग्नापासून ज्या माणसासमोर केवळरामांची मान वर होत नव्हती, त्याच्याबद्दल त्यांना एकदम इतकं आपलेपण वाटलं की त्यांना टाकीतूनच मिठी मारावीशी वाटली. पण वेळ नव्हता. पुडी वर्षभर पाण्यात राहायला हवी होती आणि निर्मलाबाई वर यायच्या आत राहायला हवी होती.

"बांधून टाकू," मधुकरराव म्हणाले. टाकीत पाणी येतं तो पाइप वरच्या अंगाला, खालच्या तोंडापासून दूर. पुडी त्याला बांधली की प्रश्न मिटला. मधुकररावांनी टाकीच्या झाकणाची नायलॉनची दोरी सोडली, पुडीला बांधली. ओढली, सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. ओली नायलॉन, कोणतीच गाठ धरेना. पानेवाल्या हातांना घाम फुटला.

"द्या इकडं," केवळराम म्हणाले.

केवळरामांच्या बापाच्या घरी माग होता. लहानपणी शाळेतून आलं की ताण्याचे तुटलेले धागे सांधायला त्यांना मागाखाली बसवत, आणि ती गाठ बोटांत एवढी मुरली होती की चाळीस वर्षांत एकदाही लागली नाही तरी विसरली नव्हती. त्यांनी दोन टोकं एकावर एक धरली, अंगठ्याखालून एक वेढा काढला आणि ओढलं. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ बसली. दुसरी पाइपाला मारली. मधुकररावांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. पुडी हलली नाही.

"हे कसं केलं? परत दाखवा."

केवळरामांनी परत दाखवलं. मधुकररावांनी करून पाहिलं, जमलं नाही. आणखी एकदा केलं, तेव्हाही नाही जमलं. "हे काही आपल्या हाताचं काम नाही," ते म्हणाले, आणि पेनवाल्या केवळरामांच्या छातीत त्या आठवड्यात पहिल्यांदा गार वाटलं.

मग मधुकररावांनी टाकीला पाय लावून दोन्ही दंडांना धरून इवाईला बाहेर ओढला. पोट एकदा अडकलं, सदऱ्याचं एक बटण गेलं. पाना खिडकीतच राहिला.

संध्याकाळी नळाला पाणी येऊन टाकी भरल्यावर दोघं खाली आले तेव्हा निर्मलाबाई स्वयंपाकघरात होत्या आणि पितळी तोटीकडे कौतुकानं पाहत होत्या. त्यांनी चकली फिरवली. धो धो धार पडली, ओट्यावरून उडाली आणि त्यांच्या साडीवर आली.

"बाप्पा," निर्मलाबाई मागे सरकल्या. "शोभाताई तं सांगत होत्या का सोमवारपासून बंद होती. तुम्ही केली का दुरुस्त?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मी कायले?" मधुकरराव म्हणाले. "इवाईनं केली. मी वर गेलो तवा काम संपत आलं होतं. मी नुसता उभा होतो."

शोभाताईंनी दोघांकडे पाहिलं. एकाची पॅन्ट कमरेपर्यंत भिजलेली आणि दुसऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत. मग त्यांनी गंज तोटीखाली धरला. कीर्ती बापाकडे पाहून हसली आणि केवळरामांना त्या हसण्याकडे नीट पाहवेना.

निर्मलाबाई पदरानं साडी टिपत होत्या. टिपता टिपता त्यांना आठवलं. "अन् बरं का इवाई, आपली पुडी? सोडली ना तुम्ही बरोबर विहिरीत?"

दोघे इवाई एकाच वेळी, एकाच आवाजात म्हणाले, "पाण्यातच हाये." आणि चहा न घेताच दोघंही अंगणात निघून गेले.